परिवीक्षा अधिकारी

हा लेख प्रौढ अपराध्यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतातील अधिकाऱ्याविषयी आहे. बँकेत किंवा शासकीय सेवेत उमेदवारीच्या काळात असलेल्या अधिकाऱ्याविषयी माहितीसाठी परिवीक्षाधीन अधिकारी हा लेख पाहा.

परिवीक्षा अधिकारी (महाराष्ट्राच्या शासकीय लेखनात परिविक्षा अधिकारी, बोलण्यात प्रोबेशन ऑफिसर) हा दोषी ठरलेल्या व्यक्तीविषयी न्यायालयाला सामाजिक चौकशीचा अहवाल देणारा, तसेच कारागृहात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मुक्त केलेल्या व्यक्तीवर देखरेख ठेवणारा लोकसेवक होय. भारतात या पदाची नेमणूक, अधिकार व कर्तव्ये मुख्यत्वे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ या केंद्रीय कायद्याने ठरवली आहेत. एकाच व्यक्तीच्या बाबतीत न्यायालयाचा प्रतिनिधी आणि त्या व्यक्तीचा साहाय्यकर्ता अशा दोन्ही भूमिका त्याला पार पाडाव्या लागतात, हे या कामाचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

## संज्ञा

परिवीक्षा या संस्कृत शब्दाचा अर्थ सर्व बाजूंनी पाहणे, निरीक्षण करणे असा होतो. 'प्रोबेशन' हा मूळ शब्द पारखणे, कसोटीला लावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. फौजदारी न्यायात परिवीक्षा म्हणजे दोषसिद्धीनंतर शिक्षा लगेच न सुनावता अपराध्याला ठरावीक मुदतीसाठी अटींवर समाजात राहू देणे. अटी पाळल्या गेल्या तर मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा भोगावी लागत नाही.

परिवीक्षा ही जामीन व पॅरोल यांपासून वेगळी आहे. जामीन सामान्यतः खटल्याचा किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत मिळतो. पॅरोल कारावासाची शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला तात्पुरता मिळतो. परिवीक्षेचा आदेश मात्र दोषसिद्धीनंतर, शिक्षेच्या ऐवजी दिला जातो.

## इतिहास

### उगम

आधुनिक परिवीक्षेचा आरंभ अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला असे मानले जाते. जॉन ऑगस्टस या चर्मकार व्यावसायिकाने १८४१ मध्ये दारूच्या व्यसनामुळे न्यायालयात आणलेल्या एका माणसाची हमी घेतली व त्याला सुधारण्यास साहाय्य केले. पुढील सुमारे अठरा वर्षे त्याने हे काम स्वयंसेवेने चालू ठेवले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये वेतनावर परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद करणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेचे कार्यकर्ते १८७६ पासून पोलीस न्यायालयांत असे काम करू लागले व १९०७ च्या कायद्याने त्याला अधिकृत रूप मिळाले.

### भारतातील वाटचाल

फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८ मधील कलम ५६२ नुसार प्रथम गुन्हा करणाऱ्या काही अपराध्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येत असे. १९२३ मध्ये या तरतुदीची व्याप्ती वाढवण्यात आली. मात्र सुटलेल्या व्यक्तीवर लक्ष ठेवणारा किंवा तिला साहाय्य करणारा कोणीही अधिकारी या कलमात नव्हता.

१९३५ च्या कायद्यानंतर प्रांतिक कायदे होऊ लागले. मद्रास आणि मध्य प्रांत व वऱ्हाड येथे १९३६ चे, तर मुंबई इलाखा व संयुक्त प्रांत येथे १९३८ चे परिवीक्षा कायदे झाले. मुंबईचा कायदा बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळातील आहे. आजच्या महाराष्ट्राच्या पश्चिम भागात व विदर्भात त्यामुळे केंद्रीय कायद्याच्या सुमारे दोन दशके आधीच ही पद्धत परिचित झाली होती.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतात आलेले अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेक्लेस यांनी १९५२ मध्ये भारतातील कारागृह प्रशासनावर अहवाल दिला व त्यात परिवीक्षेच्या विस्ताराची शिफारस केली. संसदेने १९५८ मध्ये अपराधी परिवीक्षा अधिनियम संमत केला. हा कायदा आपल्या क्षेत्रात केव्हा लागू करायचा हे ठरवण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला होता. न्या. ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील कारागृह सुधारणा समितीनेही (१९८०–८३) परिवीक्षेचा अधिक वापर करण्याची शिफारस केली.

## कायदेशीर चौकट

१९५८ च्या अधिनियमातील पुढील तरतुदी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कामाशी निगडित आहेत.

* कलम ३ : किरकोळ चोरी, फसवणूक यांसारखे विनिर्दिष्ट गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा असलेले गुन्हे यांत, पूर्वी दोषसिद्धी झालेली नसल्यास, न्यायालय अपराध्याला समज देऊन सोडू शकते.
* कलम ४ : मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय अपराध्याला बंधपत्रावर मुक्त करू शकते. बंधपत्राची मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते देखरेखीचा आदेशही देते. तो किमान एक वर्षाचा असावा लागतो.
* कलम ५ : मुक्त केलेल्या व्यक्तीला पीडित व्यक्तीस नुकसानभरपाई व खटल्याचा खर्च देण्याचा आदेश देता येतो.
* कलम ६ : जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या २१ वर्षांखालील व्यक्तीला, कलम ३ किंवा ४ चा लाभ देणे इष्ट नाही अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज, कारावासाची शिक्षा देता येत नाही. यासाठी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावयाचा असतो व कारावास दिल्यास त्याची कारणे नोंदवावयाची असतात.
* कलम ७ : परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय असतो. मात्र न्यायालय त्याचा सारांश अपराध्याला सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते.
* कलम ८ व ९ : अटींत बदल, मुदतपूर्व मुक्तता आणि अटींच्या भंगाचे परिणाम.
* कलम १२ : कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.
* कलम १३ ते १६ : परिवीक्षा अधिकाऱ्याची नेमणूक, कर्तव्ये, लोकसेवक म्हणून दर्जा व सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण.

कलम ३ मध्ये पूर्वीची दोषसिद्धी नसण्याची अट आहे; कलम ४ मध्ये तशी स्पष्ट अट नाही. परिवीक्षा केवळ पहिल्याच गुन्ह्यासाठी मिळते, हा समज त्यामुळे पूर्णपणे बरोबर ठरत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ३६० मध्येही वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम ४०१ ने घेतली आहे. या तरतुदींत परिवीक्षा अधिकाऱ्याची भूमिका नाही. ती १९५८ च्या अधिनियमातच आहे.

### अपवाद

काही विशेष कायद्यांनी परिवीक्षेचा लाभ नाकारला किंवा मर्यादित केला आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती आणि काही विशिष्ट कलमे वगळता हा लाभ मिळत नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीलाही तो मिळत नाही. हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारण झालेल्यांना परिवीक्षेचा लाभ देण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कठोर भूमिका घेतली.

## नेमणूक व प्रशासन

अधिनियमाच्या कलम १३ नुसार परिवीक्षा अधिकारी तीन प्रकारे उपलब्ध होतो : राज्य शासनाने नेमलेली किंवा मान्यता दिलेली व्यक्ती, शासनमान्य संस्थेने पुरवलेली व्यक्ती, आणि अपवादात्मक प्रकरणात न्यायालयाला योग्य वाटणारी अन्य कोणतीही व्यक्ती. आपल्या कर्तव्यांच्या बाबतीत तो अपराधी राहतो त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असतो. अपराध्याने जिल्हा बदलल्यास आदेशात नमूद अधिकाऱ्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमता येतो.

प्रशासकीय विभाग राज्यागणिक वेगळा आहे. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे असून त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे. या विभागात परिविक्षा अधिकारी हे गट क मधील पद आहे. तमिळनाडूमध्ये परिवीक्षा शाखा कारागृह विभागाशी जोडलेली आहे, तर केरळमध्ये ती सामाजिक न्याय विभागाकडे आहे. केरळमध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर, परिवीक्षा दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या समाजकार्य विद्यालयाने (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) गुन्हेशास्त्र व सुधारात्मक प्रशासन या विषयाचे अध्यापन केले. व्यक्ती, तिचे कुटुंब व परिसर यांचा एकत्रित अभ्यास करून साहाय्याची दिशा ठरवणे, ही समाजकार्याची व्यक्तिकार्य पद्धत परिवीक्षेच्या कामाचा पाया मानली जाते.

## कार्ये

### सामाजिक चौकशी अहवाल

पोलिसांचा तपास गुन्हा कोणी व कसा केला याचा शोध घेतो. परिवीक्षा अधिकाऱ्याची चौकशी दोषसिद्धीनंतर सुरू होते व तिचा विषय गुन्हा नसून माणूस असतो. या व्यक्तीला समाजात ठेवणे सुरक्षित व हितकारक आहे का, हा तिच्यापुढील प्रश्न असतो.

अधिकारी अपराध्याची व त्याच्या कुटुंबीयांची भेट घेतो, घराची व परिसराची पाहणी करतो, शेजारी, मालक, शिक्षक किंवा गावातील जबाबदार व्यक्तींशी बोलतो. अहवालात सामान्यतः वय, शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न, कौटुंबिक संबंध, आरोग्य व व्यसने, संगत, पूर्वीचे वर्तन, गुन्ह्यामागील परिस्थिती, त्याविषयी अपराध्याची स्वतःची भावना आणि घरच्यांची त्याला सांभाळण्याची तयारी या बाबी येतात. अखेरीस अधिकारी आपले मत नोंदवतो.

अहवाल न्यायालयावर बंधनकारक नसतो. कलम ४ मध्ये 'अहवाल असल्यास' तो विचारात घ्यावा अशी शब्दयोजना आहे; तरी दिल्ली महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कलम ४ खालील आदेशापूर्वी अहवाल मागवणे आवश्यक असल्याचे म्हटले. कलम ६ खालील प्रकरणांत तर अहवाल मागवणे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. एखादा वीस वर्षांचा तरुण चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर तो घरी जाईल की कारागृहात, या निर्णयात काही पानांच्या या अहवालाला मोठे महत्त्व येते.

### देखरेख

देखरेखीचा आदेश देताना न्यायालय त्यातील अटी अपराध्याला समजावून सांगते आणि आदेशाची प्रत अपराधी, जामीनदार व परिवीक्षा अधिकारी यांना देते. निवासाचे ठिकाण, मादक पदार्थांपासून दूर राहणे, गुन्ह्याची पुनरावृत्ती होऊ नये यासाठी घातलेली बंधने अशा त्या अटी असतात.

यानंतर अधिकारी राज्याच्या नियमांनुसार ठरावीक काळाने परिवीक्षाधीन व्यक्तीची भेट घेतो, तिला कार्यालयात बोलावतो, नोंदी ठेवतो व न्यायालयाला प्रगती कळवतो. गृहभेटीतून कार्यालयीन मुलाखतीत न दिसणाऱ्या अनेक गोष्टी कळतात : कामावर जाणे थांबले आहे का, घरात भांडणे वाढली आहेत का, जुनी संगत पुन्हा सुरू झाली आहे का. मात्र अशा भेटींमुळे व्यक्तीची दोषसिद्धी वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी उघड होण्याचाही धोका असतो. भेटीची वेळ व पद्धत निवडणे हा म्हणूनच कौशल्याचा भाग समजला जातो.

### साहाय्य व पुनर्वसन

योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे कलम १४ ने परिवीक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. नुकसानभरपाई व खर्चाची रक्कम भरण्याबाबत अपराध्याला सल्ला व साहाय्य देणे हेही त्याच कलमात आहे. प्रत्यक्षात या कामात व्यसनमुक्ती केंद्राशी संपर्क, ओळखपत्रे व शिधापत्रिका मिळवण्यास मदत, शासकीय योजनांची माहिती, अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करणे आणि कुटुंबाशी समेट यांचा समावेश होऊ शकतो.

### अटींचा भंग व मुदतपूर्व मुक्तता

अटी मोडल्या गेल्याचे अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने न्यायालयाच्या लक्षात आले, तर ते समन्स किंवा वॉरंट काढू शकते. अटींचा भंग सिद्ध झाल्यास मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा सुनावता येते. पहिल्याच भंगाच्या बाबतीत बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करण्याचा पर्यायही न्यायालयापुढे असतो.

याउलट, वर्तन समाधानकारक असून देखरेखीची आवश्यकता उरलेली नाही असे दिसल्यास परिवीक्षा अधिकारी स्वतः न्यायालयाकडे अर्ज करून बंधपत्र रद्द करण्याची विनंती करू शकतो.

## दुहेरी भूमिका

परिवीक्षाधीन व्यक्तीने आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात, यावर साहाय्याचे यश अवलंबून असते. परंतु तिने सांगितलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ पुन्हा दारू पिऊ लागल्याची कबुली, अटींचा भंग ठरू शकते व तो न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी त्याच अधिकाऱ्यावर असते. प्रत्येक चूक कळवली तर विश्वास तुटतो. एकही कळवली नाही तर न्यायालयाने समाजाच्या वतीने टाकलेला भरवसा फोल ठरतो आणि पीडित व्यक्तीवर अन्याय होऊ शकतो.

समाजकार्याच्या शिक्षणात यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे पहिल्याच भेटीत आपल्या अधिकारांची मर्यादा स्पष्ट करणे : काय गुप्त राहील, काय न्यायालयाला सांगावे लागेल आणि कोणत्या टप्प्यावर सांगावे लागेल, हे अपराध्याला आधीच ठाऊक असणे. पहिल्या भंगासाठी सौम्य दंडाचा पर्याय ठेवून कायद्यानेही सुधारणेच्या मार्गात चूक होऊ शकते हे गृहीत धरलेले दिसते.

## न्यायालयीन निर्णय

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये पंजाबमधील एका प्रकरणात या अधिनियमाचा उद्देश अपराध्याला दंड देण्यापेक्षा त्याची सुधारणा करणे हा असल्याचे स्पष्ट केले व अपील न्यायालयालाही परिवीक्षेचा आदेश देता येतो असे म्हटले. त्याच दशकातील दुसऱ्या एका निकालात कलम ६ साठी २१ वर्षांची वयोमर्यादा गुन्ह्याच्या दिवशी नव्हे, तर न्यायालय शिक्षेचा निर्णय देते त्या दिवशी पाहावी असे ठरले.

कलम १२ मुळे दोषसिद्धी पुसली जात नाही, केवळ तिच्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता दूर होते, असे न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे परिवीक्षेवर सुटलेल्या शासकीय कर्मचाऱ्यावर मूळ वर्तनासाठी विभागीय कारवाई होऊ शकते.

## अडचणी व टीका

कायद्याच्या अंमलबजावणीबाबत पुढील अडचणींची चर्चा होते.

* कामाचा भार : अनेक राज्यांत एकाच अधिकाऱ्याकडे महिला व बालकांविषयीच्या इतर कायद्यांची व योजनांचीही कामे असतात. त्यामुळे प्रौढ अपराध्यांच्या गृहभेटी मागे पडतात.
* अहवालातील विलंब : अहवाल वेळेत न आल्यास न्यायालयापुढे निकाल लांबवणे किंवा पुरेशा माहितीविना शिक्षा ठरवणे एवढेच पर्याय राहतात.
* निश्चित निवासाची अट : कलम ४ खाली मुक्तता मिळण्यासाठी अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे निश्चित निवासस्थान किंवा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या क्षेत्रात असावा लागतो. हंगामी स्थलांतर करणारे ऊसतोड व वीटभट्टी कामगार, भटके समाज व पदपथावर राहणारे लोक यांना ही अट पुरी करणे कठीण जाते.
* पूर्वग्रहाचा धोका : चौकशीत शेजाऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या मतांना स्थान असल्याने जात, वस्ती किंवा समाजाविषयीचे पूर्वग्रह अहवालात उतरण्याची शक्यता असते. १९५२ पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याखाली असलेल्या विमुक्त समाजांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.
* कालबाह्य रकमा : पहिल्या भंगासाठीची ५० रुपयांची दंडमर्यादा १९५८ मधील आहे.
* पीडितांचे स्थान : नुकसानभरपाईची तरतूद असली, तरी चौकशीच्या टप्प्यावर पीडित व्यक्तीचे म्हणणे ऐकण्याची स्पष्ट तरतूद अधिनियमात नाही.

कारागृहांतील गर्दीवरचा उपाय म्हणून परिवीक्षेचा उल्लेख नेहमी केला जातो. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील सुमारे तीनचतुर्थांश कैदी हे खटला प्रलंबित असलेले, म्हणजे न्यायाधीन बंदी होते. परिवीक्षा दोषसिद्धीनंतरच मिळू शकत असल्याने या मोठ्या गटावर तिचा थेट परिणाम होत नाही.

## समाजसेवेची शिक्षा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, २०२३ ने समाजसेवा हा शिक्षेचा नवा प्रकार आणला. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची पहिल्यांदाच केलेली व वस्तू परत केलेली चोरी, मद्यधुंद अवस्थेतील सार्वजनिक गैरवर्तन, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी ती देता येते. परिवीक्षा ही शिक्षेऐवजी दिलेली संधी असते, तर समाजसेवा ही स्वतःच शिक्षा आहे. तथापि दोन्हींत व्यक्ती समाजातच राहत असल्याने प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्या यंत्रणेची गरज सारखीच असते.

## इतर देशांत

इंग्लंड व वेल्समध्ये परिवीक्षेसाठी स्वतंत्र सेवा आहे. २०१४ मध्ये तिच्या कामाचा मोठा भाग खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आला होता. जून २०२१ मध्ये तो पुन्हा सार्वजनिक सेवेत आणण्यात आला. जपानमध्ये व्यावसायिक अधिकाऱ्यांच्या जोडीला 'होगोशी' म्हणून ओळखले जाणारे स्थानिक स्वयंसेवक परिवीक्षाधीन व्यक्तींना नियमित भेटतात. त्यांच्यासाठी १९५० मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.

## हेही पाहा

* अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८
* भारतीय नागरिक सुरक्षा संहिता
* पॅरोल
* खुले कारागृह
* बाल न्याय मंडळ
* गुन्हेशास्त्र